सासूबाईंसाठी सात्या

माझी सासू माझ्याशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, रिवाज आहे. तिवशाकडच्या त्यांच्या गावात जुन्या बायका जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मधला माणूस म्हणजे माझी बायको तारा. "तारे, सांग त्याईले, पंखा बंद करा म्हना," असं रुख्मिणीबाई म्हणतात तेव्हा मी पंख्याच्या बटणाखालीच बसलेलो असतो. तारा घरात नसेल तर त्या भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगतात. दर वर्षी कॅलेंडर बदलतं म्हणून बरं. अठरा वर्षं एकाच कॅलेंडरला माझ्याबद्दल एवढं ऐकवलं असतं तर त्यानं खिळ्यावरून उडी मारली असती.

त्या वर्षी चिकुनगुनियानं सगळं वऱ्हाड वाकवलं होतं. तसंही त्या काळात आमच्याकडे पावसापेक्षा समित्या जास्त पडायच्या. दिल्लीहून एक, मुंबईहून एक, पुण्याहून दोन. समिती यायची, आमच्या दुःखाचा अभ्यास करायची, विश्रामगृहावर जेवायची आणि पाणी गढूळ आहे म्हणून बाटलीतलं पिऊन निघून जायची. तापाची मात्र एकही समिती आली नाही. ताप स्वतःच आला. घरोघर जाऊन प्रत्येकाची विचारपूस करणारा त्या वर्षी तो एकटाच.

सासूबाईंना ताप आला म्हणून तारा त्यांना अमरावतीला आमच्या घरी घेऊन आली. आठ दिवसांत ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. त्यानंतर तेरा दिवस त्या माउलीनं चहा आणि मुगाचं पाणी यावर काढले. तारानं मऊ भात केला, पाटोडीचा रस्सा केला, ज्वारीच्या कण्या केल्या, शेवटी रडून पाहिलं. सासूबाई तोंड मिटून भिंतीकडे वळायच्या. डॉक्टर म्हणाले, "माझं काम संपलं. आता बाई जेवली तर उठेल, नाही जेवली तर नाही उठणार." एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि शनिवारी संध्याकाळी, तारा दळण आणायला गेलेली असताना, सासूबाई कॅलेंडरला म्हणाल्या, "सात्याची भाजी असती त चार घास गेले असते." मग म्हणाल्या, "पन इथं कोन आनते? इथं त दूधही पिशवीतून येते."

सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी अळंबी. भर पावसाळ्यात, वर्षातून एखाददोनदा येते. सकाळी मिटलेल्या छत्रीसारखी असते, संध्याकाळपर्यंत उघडते, दुसऱ्या दिवशी तिच्यात किडे. लावून लागत नाही, पेरून उगवत नाही. ज्याला जागा ठाऊक असते तो मरेपर्यंत ती कोणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही.

आता माझ्या अडचणीकडे येतो. मी भातकुलीकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. म्हणजे बरण्या पुसतो. पण आमच्या गल्लीत मला 'वनस्पतीवाले साहेब' म्हणतात. लोक पानं घेऊन येतात. मी प्रत्येक पान उजेडाकडे धरतो, गंभीर चेहरा करतो आणि म्हणतो, "द्विदल आहे." आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही. अळंबी मी अठरा वर्षं रोज पाहतो, पण ती बरणी क्रमांक एकोणतीसमध्ये, पिवळ्या पाण्यात, लाल अक्षरांच्या चिठ्ठीमागे. चिठ्ठीवर लिहिलंय: 'विषारी. हाताळू नये.' बरणीबाहेरची अळंबी मला ओळखता येईल की नाही, याची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

पण 'इथं कोन आनते' हे वाक्य मला लागलं. पिशवीतल्या दुधापेक्षा जास्त लागलं. तारा दळण घेऊन आली तेव्हा मी छाती काढून मोठ्यानं म्हणालो, "तारा, त्यांना सांग, उद्या संध्याकाळच्या आत सात्या घरात असतील."

तारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बरण्या पुसणाऱ्या माझ्या हातांकडे पाहिलं, आणि काहीच सांगितलं नाही.

बातमी गल्लीत पसरायला भारनियमनाएवढाच वेळ लागला, म्हणजे लगेच. समोरचे ओमप्रकाशजी आले. विजेच्या कचेरीत मीटर वाचून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या घरात डोकावायची सवय, ती पेन्शनीतही सुटली नाही. म्हणाले, "हरिहरभाऊ, रानातली अळंबी सोपी नाही. माह्या साडूच्या गावात एका घरच्या सात जनानं खाल्ली. रात्री जेवले, झोपले. सकाळी पाहतो त काय, सातही जन..." इथं त्यांनी मान हलवली, सुस्कारा टाकला, आणि घरात फोन वाजला म्हणून निघून गेले.

मी कोपऱ्यावर दाऊदभाईकडे गेलो. दाऊदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांचं आजोळ पोहऱ्याकडच्या जंगलाला लागून. मी म्हणालो, "दाऊदभाई, सात्या ओळखता काय?"

"मियाँ, नानीच्या गावात माहं लहानपन सात्यातच गेलं," ते म्हणाले. "जागा नाही मालूम. पन दिशा मालूम हाये."

"मग उद्या सकाळी माझ्या स्कूटरवर जाऊ."

"स्कूटरनं? जंगलात फटफट करत गेले त जनावर पळते, अन् सात्या पाह्यले नजर खाली पाह्यजे. सायकल घेऊ. माह्या हातानं जुळवलेल्या दोन देतो."

पंचेचाळिसाव्या वर्षी, झडीच्या पावसात, सायकलवर. पण मी छाती काढून बोललो होतो, आणि छाती एकदा बाहेर काढली की आत घेताना लोक पाहतात.

रविवारी सकाळी सहाला निघालो. मी घेतलेलं साहित्य: खुरपं, चाकू, भिंग, चिमटा, कॉलेजचं ओळखपत्र आणि कापडी पिशवी. दाऊदभाईंनी एक पाना घेतला.

"जंगलात पान्याचं काय काम?" मी विचारलं.

"अन् भिंगाचं?" ते म्हणाले.

झड लागली की वऱ्हाडात पाऊस पडत नाही, लटकतो. वरून, समोरून, बाजूनं, सगळीकडून. वडाळीचा तलाव मागे टाकला आणि मला पहिली सात्या दिसली. रस्त्याकडेच्या उकिरड्यावर, पांढऱ्याशुभ्र, ऐटीत उभ्या. मी सायकल टाकून धावलो, सहा तोडल्या, भिंगातून पाहिल्या आणि म्हणालो, "द्विदल नाही."

दाऊदभाई सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. "हरिभाऊ, कुत्र्याच्या छत्र्या हायेत त्या. हात धुऊन घ्या."

दुसरी सात्या झुडपाखाली होती. ती लग्नातल्या पंगतीचा प्लास्टिकचा पेला निघाली. तिसरी चांगली घट्ट, गोल, चकाकणारी. ती विजेच्या खांबावरून पडलेली चिनी मातीची चिमणी होती. दिवसाला बारा तास वीज नाही, तर निदान तिच्या वस्तू तरी जंगलात उगवतात. दाऊदभाई प्रत्येक वेळी फक्त "हं" म्हणायचे. त्या 'हं'पेक्षा शिवी परवडली.

जनावरांच्या बाबतीत मात्र माझी नजर चांगली निघाली. एक ससा पाहिला, चार लांडोरी पाहिल्या, आणि एका ओल्या वाटेवर ताजा, मोठा, गोल पंजा पाहिला. मी कुजबुजलो, "बिबट्या." दाऊदभाईही थांबले, वाकले. आम्ही दोघं श्वास धरून झुडपाकडे पाहत उभे. झुडपातून एक धनगरी कुत्रा आला, पंजाच्या ठशावर नेमका तोच पाय ठेवला, आम्हाला हुंगलं आणि निघून गेला. मला वाटतं तो आमच्यावर हसला. पण हे मी ताराला सांगितलेलं नाही.

पुढे दाऊदभाईंनी जवळचा रस्ता घेतला. जगात जेवढी माणसं संकटात सापडली त्यांतली अर्धी जवळच्या रस्त्यानं गेलेली आहेत. ही एक पांदण होती, दोन शेतांमधली बैलगाडीची वाट, आणि माती काळी. आमची काळी माती कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की प्रेमात पडते. सोडत नाही. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचं पोळं भरलं, चाकं फिरायची थांबली. आम्ही सायकलींवर बसून निघालो होतो. आता सायकली आमच्या खांद्यावर बसून निघाल्या. मी घसरलो, उठलो, दाऊदभाई घसरले, उठले, मग दोघं एकदम घसरलो आणि थोडा वेळ उठलोच नाही. शेवटी दाऊदभाईंनी पाना काढला आणि दोन्ही सायकलींची चारही मडगार्ड खोलली. पान्याचं काम तेव्हा कळलं. भिंगाचं अजून कळायचंय.

पांदण संपून डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा आमच्यात आणि शेतात एवढाच फरक होता की शेत आडवं होतं. मी खांद्यावर सायकल, हातात मडगार्ड असा उभा. तेवढ्यात एक पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. आत चौघं कोरडी माणसं. एक बाई म्हणाल्या, "आप किसान हैं?"

मी म्हणालो, "मी वनस्पतिशास्त्र विभागात..."

"चेहरा बहुत बोलता है," मागचा माणूस म्हणाला आणि त्यानं माझा फोटो काढला. माझ्या चेहऱ्याबद्दल कोणी चांगलं बोलायची ती पहिलीच वेळ, आणि त्या वेळी त्यावर अर्धा शेर चिखल होता.

"आप की मुख्य समस्या क्या है?" बाईंनी वही उघडली.

मी तोंड उघडायच्या आत दाऊदभाई म्हणाले, "मडगार्ड."

बाईंनी लिहून घेतलं. शपथेवर सांगतो, लिहून घेतलं. मला त्या क्षणी त्या सगळ्या समित्यांचा इतका संताप आला की मी म्हणालो, "ताई, शेतकरी पाहिजे असेल तर आत जा. पांदणीनं. पायी." बाईंनी पांदणीकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे पाहिलं, आणि काच वर केली. गाडी विश्रामगृहाच्या दिशेनं गेली. पुढे कुठल्या अहवालात विदर्भाला मडगार्ड वाटायची शिफारस आली का, मला माहीत नाही. आली असेल तर क्षमा असावी.

दहाच्या सुमाराला दाऊदभाईंच्या आजोळच्या गावामागे, जंगलाच्या कडेला पोचलो. आणि तिथं खरंच वारूळ होतं, पुरुषभर उंच. त्याच्याभोवती सात-आठ बायका उभ्या होत्या. हातात ताटं, ताटात लाह्या, दूध, हळदकुंकू. मी एका हातात खुरपं आणि एका हातात चाकू घेऊन, चिखलानं माखलेला, झुडपातून बाहेर आलो.

एक बाई किंचाळली. दुसरीनं ताट ढालीसारखं पुढे धरलं. त्यांच्यातली एक वयस्क, उंच, काटक बाई मात्र जागची हलली नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन व्हय रे तू? खुरपं कायले आनलं?"

"मावशी, मी वनस्पतिशास्त्र विभागात आहे. आम्ही सात्या..."

"आज पंचमी हाये. नागपंचमीच्या दिवशी नागोबाच्या घरी खुरपं घेऊन कोनी येते काय? तुह्या विभागात पंचांग नाही काय?"

मला दरदरून घाम फुटला. पावसात तो दिसला नाही एवढंच. नागपंचमी! आज काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तव्याला हात लावायचा नाही, जमीन खणायची नाही. तारानं काल दिंडांसाठी पुरण वाटताना मला दोनदा सांगितलं होतं. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सोडून मी वारूळ खणायला नेमका हा दिवस निवडला होता. बामणाच्या घरातला मी, आणि माझ्यासोबत दाऊदभाई, जे आता तोंड फिरवून हसत होते.

"अन् तू काहून हसून राहिला रे?" बाई त्यांच्यावर घसरली. "तुले त समजाले पाह्यजे. इथलाच दिसतं."

"मैनाबाई, मी दाऊद. रहिमानबीचा नातू," ते म्हणाले. "पंचमीले तुमीच आमच्या घरी दिंडं पाठवत होत्या. मी चार खायचो."

मैनाबाईंचा चेहरा जरा सैल झाला. "सहा खायचा. चोरून दोन." मग माझ्याकडे वळल्या. "हा कोन?"

दाऊदभाईंनी सगळं सांगितलं. ताप, तेरा दिवस, मुगाचं पाणी, डॉक्टरांचं बोलणं. मी मध्ये एकदा छाती काढायचा प्रयत्न केला, पण ओल्या शर्टात जमलं नाही. मैनाबाई ऐकत होत्या. वारुळावरच्या लाह्या पावसानं भिजत होत्या.

"तेरा दिस," त्या म्हणाल्या. "अन् सात्या मांगितल्या?"

"हो."

"मंग थे बाई जगनार हाये. मराची असती त पानी मांगितलं असतं." त्यांनी इतर बायकांकडे पाहिलं. "खनाचं नाही, चिराचं नाही. हातानं अलगद उचलाले नागोबा मना करत नाही. माह्या आईनं मले सांगितलं होतं." हे त्यांच्या आईनं खरंच सांगितलं होतं की त्याच क्षणी सांगितलं, हा प्रश्न मी विचारला नाही. "खुरपं इथं ठेव. चाकूही ठेव. अन् जागा मी दाखवनार नाही. तिकडं तोंड करून बसा दोघं. मागं पाह्यलं त एकही भेटनार नाही."

अशा रीतीनं एक सरकारमान्य कॉलेजचा कर्मचारी आणि एक प्रतिष्ठित दुकानदार, शिक्षा झालेल्या पोरांसारखे, पळसाच्या झाडाकडे तोंड करून चिखलात मांडी घालून बसले. मागून मैनाबाईंची पावलं जंगलात गेली आणि नाहीशी झाली. कान तिकडे, तोंड झाडाकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"हरिभाऊ," दाऊदभाई ओठ न हलवता म्हणाले, "समोर पाहा."

पळसापलीकडे, दगड मारला तर लागेल एवढ्यावर, रोही उभा होता. पुणेकर ज्याला नीलगाय म्हणतात तो. पूर्ण वाढलेला नर, पावसानं धुतलेला, निळसर करडा, घोड्याएवढा. आमच्या तुरीच्या शेतात हाच घुसतो तेव्हा लोक त्याच्या सात पिढ्या काढतात, आणि काढायलाच पाहिजेत. रात्रभर मचाणावर बसून डबे बडवणाऱ्याला त्याचं सौंदर्य कोणी सांगू नये. पण माझ्याकडे त्या वेळी तूर नव्हती. मी नुसता बसलेला होतो, आणि मागे वळायचीही सोय नव्हती, म्हणून जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या जनावराकडे नीट, सावकाश पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते. त्यानंही आमच्याकडे पाहिलं. दोन माणसं झाडाची पूजा का करून राहिलीत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं निवांतपणे लेंड्या टाकल्या आणि निघून गेला. बिबट्या नाही दिसला त्याचं दुःख तिथंच संपलं.

"पाह्यलं नाही ना मागं?" मैनाबाई परत आल्या. पळसाच्या पानांच्या पुड्यात, ओल्या मातीसकट, तेवीस सात्या. लांब पांढरे देठ, मिटलेल्या छत्र्या, टोकाला जरा करड्या. वास म्हणाल तर पावसाला भाकरीचा वास यावा तसा. बरणी क्रमांक एकोणतीसशी त्यांचं काहीही नातं नव्हतं.

"घरी गेल्यावर चिराच्या नाही. हातानं तोडजो. तव्यावर नाही, भांड्यात शिजवजो," त्या म्हणाल्या. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "खिशातून हात काढ. नागोबासमोर दुकान नाही लावलं मी."

आता घरी जायचं एवढंच राहिलं होतं. पण जंगलातून बाहेर पडायच्या वाटेवर आडवा बांबू होता, आणि बांबूमागे वनरक्षक सूर्यभान. तरुण पोरगा, डोक्यावर खताची पिशवी, हातात वही. तुमच्या पिशवीत काय आहे, म्हणाला. मी सात्या दाखवल्या. त्यानं वही उघडली.

"गौण वनोपजाच्या यादीत पाहा लागते. डिंक हाये. मोहफूल हाये. चारोळी हाये, मध हाये, तेंदूपान हाये." त्यानं पान उलटलं. "सात्या नाही."

"म्हणजे बंदी नाही," मी म्हणालो.

"यादीत नाही म्हंजे थ्या जंगलात नाही. जंगलात नाही त तुमी जंगलातून कशा आनल्या?"

मी अठरा वर्षं कॉलेजच्या कचेरीत काढली आहेत, पण या युक्तिवादापुढे मीही गार झालो. मी ओळखपत्र दाखवलं. ती माझी चूक. 'वनस्पतिशास्त्र' वाचून त्याचे डोळे मोठे झाले. "म्हंजे तुमी तज्ज्ञ. मंग लिहून द्या, ह्या खाल्ल्यानं मानूस मरत नाही. उद्या तुमी मेले अन् माह्या हद्दीतला माल निघाला त जवाब मले द्या लागते."

हे लिहून द्यायला त्यानं वही माझ्यापुढे केली. आणि माझा हात थांबला. डोळ्यासमोर लाल चिठ्ठी: 'विषारी. हाताळू नये.' खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. गल्लीतली पानं द्विदल आहेत हे मी बिनधास्त सांगत आलो, कारण पान चुकलं तर कोणी मरत नाही. इथं सासूबाईंचा पहिला घास होता. मी म्हणालो, "मी तज्ज्ञ नाही. मी बरण्या पुसतो."

दाऊदभाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून 'हं' म्हटलं नाही.

"मंग जप्ती," सूर्यभान म्हणाला. "विनायादी पांढरी वस्तू, नग तेवीस. पंच पाह्यजेत दोन."

"एक पंच मी हाये," मागून आवाज आला. मैनाबाई रिकामं ताट घेऊन येत होत्या. "लिही. सूर्यभानच्या बाळंतपनात त्याच्या मायले जेवन जात नव्हतं, तवा मैनाबाईनं ह्याच जंगलातल्या ह्याच सात्या तिले नेऊन देल्ल्या. तिले दूध आलं, अन् थे दूध पिऊन हा सरकारी नोकरीले लागला. लिही, लिही. खाली अंगठा मी देतो."

सूर्यभाननं वही मिटली. खताची पिशवी डोक्यावरून काढून पुन्हा घातली. मग बांबू वर केला आणि दुसरीकडे पाहत म्हणाला, "पिशवीत दाबू नका. देठ मोडते."

घरी पोचायला दोन वाजले. वाटेत आठ सात्या दाऊदभाईंच्या घरी सईदाभाभींकडे दिल्या. उरलेल्या पंधरा मी सासूबाईंच्या खाटेसमोर पानासकट ठेवल्या. त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. वास गेला असावा. हळूच वळल्या. एक उचलली, देठ चिमटीत दाबला, हुंगला, मातीला बोट लावून पाहिलं. तारा श्वास धरून उभी. मी श्वास सोडून उभा, कारण माझ्यात धरायला काही उरलं नव्हतं.

"तारे," त्या म्हणाल्या, "इळी काढू नोको. मले चुलीजवळ घे."

तेरा दिवसांनी बाई उठली. गॅसपुढे पाट टाकला, त्यावर त्या बसल्या, आणि बोटांनीच एकेक सात्या उभी फाडू लागल्या. चिरणं नाही, कांदा नाही, तवा नाही. भांड्यात मीठ, हळद, तिखट, ठेचलेलं जिरं. शेजारी ज्वारीच्या कण्या. तेवढ्यात ओमप्रकाशजी आले, हातात चांदीचा रुपया. "भाजीत टाका. काळा पडला त विष. माह्या साडूच्या गावातले ते सातही जन..."

तारा फिरली. एवढ्या दिवसांची जागरणं तिच्या डोळ्यांत होती. "ओमप्रकाशभाऊ, आज सांगूनच जा. सातही जणांचं काय झालं?"

ओमप्रकाशजी गडबडले. "काय व्हनार? सातही जनाले आवडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले शोधाले."

रुपया तारानं परत केला. भाजी झाली. सासूबाईंनी झाकण काढलं, वाफ घरभर झाली, आणि त्यांनी ताट वाढलं. पण स्वतःसाठी नाही. ताट माझ्यापुढे आलं.

"आई, आधी तू खा," तारा म्हणाली.

"जवायाच्या आंधी?" सासूबाईंनी पदर पुढे ओढला. "सांग त्याईले, बसा म्हना. जवाई जेवल्याबिगर माह्या घशाखाली घास उतरनार नाही."

घर माझं, गॅस माझा, पण सासूबाईंच्या लेखी जिथं त्या तिथं मी पाहुणा. मी न खाता त्या खाणार नाहीत. त्या न खाता उठणार नाहीत. मी ताटाकडे पाहिलं. लाल चिठ्ठी ताटात तरंगताना दिसली. विषाची लक्षणं सहा ते बारा तासांनी दिसतात, हे मला पाठ आहे. बरणीमागच्या तक्त्यावर तेही लिहिलंय.

मी हळूच ओमप्रकाशजींना म्हणालो, "दाऊदभाईंकडे जरा पाहून या. त्यांचं जेवण झालं असेल."

ते गेले आणि आले. "झोपले."

"झोपले म्हणजे?"

"घोरून राहिले."

घोरणं हे पहिलं लक्षण असतं का, ते तक्त्यावर नव्हतं. तारा माझ्याकडे पाहत होती. सासूबाई ताटाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या घशात काहीतरी हललं. ते मी पाहिलं. मी घास उचलला.

आता काय सांगू? मांस म्हणाल तर मांस नाही, भाजी म्हणाल तर भाजी नाही. दाताखाली लवलवीत, मग जिभेवर गोडसर, आणि मागून तिखट धावत येतं. सकाळी सहापासून मी उपाशी होतो हे मला तेव्हाच आठवलं. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मरायचं तर असं मरावं, मनात आलं, आणि मग मरायचंही विसरलो. ताट रिकामं झालं. सासूबाईंनी वाढलं. जावयाचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, आणि 'पुरे' वाढणाऱ्यानं म्हणायचं नाही, जावयानं म्हणायचं. आणि जावई कुठे म्हणतो? पुन्हा रिकामं, पुन्हा वाढलं. तारानं मला मागून चिमटा काढला. मला वाटलं, डास.

पळीचा आवाज बदलला. भांड्याच्या बुडाला लागल्यावर येतो तसा. मी मान वर केली नाही.

"तारे," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका खणखणीत, की ओमप्रकाशजी दारातून आत सरकले. "सांग त्याईले, बस करा म्हना आता. मले भूक लागली!"

तारानं मला काहीच सांगितलं नाही. ती पदर तोंडाला लावून उभीच राहिली. सासूबाईंनी वाट पाहिली नाही. भांडंच ओढून मांडीत घेतलं, त्यात कण्या कालवल्या आणि हातानं जेवायला लागल्या. घास लहान नव्हते. बाहेर झड लटकलेली, आत फक्त एका म्हाताऱ्या बाईच्या जेवण्याचा आवाज.

भांडं चाटूनपुसून झालं. त्यांनी मान वर केली आणि माझ्या ताटाकडे पाहिलं. कडेला एक सात्या उरली होती, देठासकट, चांगली मोठी. जावयाच्या उष्ट्या ताटाला सासूनं हात लावायचा नसतो.

मी ताट पुढे सरकवलं. त्यांनी पदर मागे टाकला, ती उचलली आणि खाल्ली.